फडताळाखालची बरणी

कप्तान : ...आणि हा काउंटर? हा तरी ठेवणार का तो ओगाता, दुकान विकत घेतल्यावर?

हात्सुयो : काउंटर जाणार, स्टुलं जाणार. दारात यंत्र बसवणार आहे तो. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी घ्या, मुकाट्यानं नूडल खा आणि बाहेर पडा.

कप्तान : मुकाट्यानं? कागोशिमात? अहो हात्सुयोबाई, जन्मभर साकुराजिमाची फेरीबोट चालवली मी. चहा गार होईपर्यंत पलीकडचा धक्का येतो. तेवढ्यातसुद्धा माणसं गप्प बसत नाहीत, ती इथं बसणार?

हात्सुयो : तुमच्यासारखी बडबडी गिऱ्हाइकं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, म्हणून तर विकतेय. आज दिवेलागणीच्या आत येतो म्हणालाय. आला की 'हो' सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

कप्तान : मागच्या खेपेला आला तो जवाचा चहा पिऊन गेला. म्हणे गाडी चालवायचीय, आणि तसाही मी थेंबाला शिवत नाही. शोचूसारखी दारू विकणाऱ्या दुकानात बसून चहा! अशा माणसाच्या हातात दुकान द्यायचं म्हणजे—

हात्सुयो : न पिणाऱ्याचा व्यवहार सरळ असतो. कोण आहे दारात? राख बाहेरच झटका! छत्रीही बाहेरच ठेवा आणि दार लावून घ्या चटकन. पलीकडचा ज्वालामुखी सकाळपासून राख ओकतोय, मी सकाळपासून पुसतेय.

मिसातो : झटकली, आई. केससुद्धा झटकले.

कप्तान : अरे बापरे! मिसातो! बघा तरी हात्सुयोबाई, तुमची लेक आली! ओसाकाहून! ही आत्ता इथं कशी उगवली बुवा? मला तर धक्काच बसला!

हात्सुयो : कप्तान.

कप्तान : काय?

हात्सुयो : इतका धक्का माणसाला बसत नाही. कधी सांगितलंत तिला?

कप्तान : मी? मी कशाला सांगू? मला काय गरज—

मिसातो : परवा फोन केला काकांनी. राहू द्या काका, हिच्यापुढे आपलं नाही टिकायचं.

हात्सुयो : तीनदा बजावलं होतं यांना. दुकान विकतेय हे कुणाला सांगू नका, ओसाकाला तर मुळीच नको. तोंडात तीळ भिजत नाही या माणसाच्या!

कप्तान : अहो, पोर या काउंटरखाली रांगलीय. माझ्या बुटांच्या नाड्या सोडायची. तिला कळू नये की दुकान चाललं म्हणून? नाही राहवलं मला. काय करायचं ते करा.

हात्सुयो : उभी काय राहिलीस? बस. काय घेणार?

मिसातो : दुकान.

हात्सुयो : ते ग्लासात मिळत नाही.

मिसातो : चेष्टा नाही करत मी. ओगाता आला की त्याला नाही म्हणून सांग. दुकान मी चालवते.

हात्सुयो : तू चालवणार! हॉटेलच्या अठराव्या मजल्यावर, काचेच्या बारमध्ये उभी राहून लिंबाची सालं कातरणारी बाई. ती इथं येऊन मासळीच्या वड्या तळणार?

मिसातो : तळेन की. लहानपणी पाटीभर तळून घ्यायचीस माझ्याकडून.

हात्सुयो : सुट्टी किती दिवसांची आहे?

मिसातो : सुट्टी नाही. नोकरी सोडली.

कप्तान : सोडली? हे फोनवर नाही बोललीस मला!

मिसातो : तुम्हाला सांगितलं असतं तर मी गाडीत बसायच्या आधी अख्ख्या शहराला कळलं असतं, काका. बोटीचा भोंगा बरा तुमच्यापेक्षा.

हात्सुयो : सोडली! मला न विचारता?

मिसातो : तू दुकान विकायला निघालीस तेव्हा मला विचारलंस? माय-लेकी शोभतो आपण.

कप्तान : हे मात्र खरं.

हात्सुयो : तुम्ही वडी खा. गार होतेय.

कप्तान : खातो.

हात्सुयो : हे बघ मिसातो. तुझ्या बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. याच दारात उभी राहून काय म्हणालीस? या दुकानाचा वास माझ्या केसांतून जात नाही. आठवतं?

मिसातो : आठवतं. तेव्हा जात नव्हता, आता येत नाही. तिथं रात्री केस मोकळे सोडले की नुसता शाम्पूचा वास येतो. पहिल्या वर्षी बरं वाटलं. नंतर रडू यायला लागलं.

हात्सुयो : रडू येतं म्हणून दुकान चालवता येत नाही.

मिसातो : म्हणून नाही आले मी. तिथं रोज शंभर माणसांना पाजते आई, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक तोंड परत दिसत नाही. छान होतं म्हणतात, वाकून नमस्कार करतात, विमान पकडतात. कुणी मला विचारत नाही, काल तुझा घसा बसला होता, आज कसा आहे. मी उत्तम काम करते, सगळे सांगतात. मलाही माहितेय. पण ते कुणासाठी करतेय तेच कळेनासं झालं.

कप्तान : घसा बसला होता का गं?

मिसातो : नाही हो काका. उदाहरण दिलं.

हात्सुयो : आणि इथं गिऱ्हाईक कुठंय? सांग की. हामासाकी इस्पितळात, मुता जावयाकडे मियाझाकीला. पोरंपोरी बिअरचा डबा फोडतात आणि रस्त्यात उभ्यानं पितात. गरम पाण्यातली शोचू म्हणजे म्हाताऱ्यांचं औषध झालंय.

मिसातो : म्हणूनच सोडा.

हात्सुयो : ते नाव काढू नकोस.

मिसातो : सोडा, आई. रताळ्याची शोचू, बर्फ, सोडा. उन्हाळ्यात पोरांना तेच हवं असतं. एकदा का आत आली की हळूहळू गरम पाण्यावर आणता येतात. तेव्हाही हेच सांगत होते मी, आणि तू सोड्याच्या बाटल्या उचलून गल्लीत फेकल्यास.

हात्सुयो : एकच फुटली.

कप्तान : दोन.

हात्सुयो : तुम्ही मोजत होतात?

कप्तान : मोजत नव्हतो. एक माझी होती.

हात्सुयो : तुमची?

कप्तान : म्हणजे... मिसातोनं एकदा करून दिली होती, तुम्ही मासळी आणायला गेला होतात तेव्हा. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती. वाईट नव्हती हो. मी आपला खरं ते सांगतो.

हात्सुयो : तुम्ही! माझ्या काउंटरवर! फेरीबोटीचा कप्तान आणि बुडबुडे पिता!

कप्तान : एकदाच.

मिसातो : तीनदा, काका.

कप्तान : तू कुणाच्या बाजूची आहेस गं?

हात्सुयो : बरं. पुरे झालं. बोलायला तुम्ही दोघंही हुशार. ये आत, काउंटरच्या या बाजूला. हा फडका घे. कप्तानांना एक ग्लास बनवून दे. रोजचा, गरम पाण्यातला. मला बघू दे.

मिसातो : परीक्षा?

हात्सुयो : ओगाता यायच्या आत उरकेल इतकी.

मिसातो : घे. हजार ग्लास बनव म्हण.

कप्तान : माझी बाटली वरच्या फळीवर आहे बघ, गळ्यात माझ्या नावाची पाटी अडकवलेली. उवातोको. शेजारच्या दोहोंना हात लावू नकोस. एक हामासाकीची, तो आठवडाभरात बरा होऊन येईल. दुसरी...

हात्सुयो : दुसरीचा धनी पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला, तो गेलाच. राहू दे तिथं. पुसत असते मी.

मिसातो : ही घेतली, उवातोको. पाणी उकळतं नको ना, जरा निवलेलं... हं. सहा भाग शोचूला चार भाग पाणी, बरोबर? घ्या काका. अगदी बाबांच्या हातची समजा.

कप्तान : हं... ठेव, ठेव इथं.

मिसातो : काय झालं? असे काय बघताय ग्लासाकडे?

कप्तान : कुठं काय? घेतो ना. छान वाफा येताहेत.

हात्सुयो : पिऊ नका. मिसातो, आत्ता काय केलंस ते सांग.

मिसातो : काय केलं? ग्लास गरम करून घेतला. शोचू ओतली, मग वरून पाणी...

हात्सुयो : हं.

मिसातो : देवा रे.

हात्सुयो : पाणी आधी. गरम पाण्यावर हळूच शोचू सोडली की ती आपली आपण खाली उतरते, मिसळते, चमचा लागत नाही. उलटं केलंस की वास सगळा वाफेबरोबर छताला आणि तिखटपणा घशाला. इथल्या पोरांना प्यायची परवानगी मिळायच्या आधी हे ठाऊक असतं.

मिसातो : मला ठाऊक नाही का? व्हिस्कीची सवय आहे हाताला. तिथं दारू आधीच ओततात, मग बाकीचं. हात आपोआप गेला.

हात्सुयो : तेच म्हणतेय मी. तुला ठाऊक आहे, तुझ्या हाताला राहिलं नाही. हात परका झाला.

कप्तान : अहो, एवढं काय? पोटात गेल्यावर कोण आधी नि कोण मागून, सारखंच.

हात्सुयो : मग प्या बघू.

कप्तान : ...जरा निवू दे.

मिसातो : बघितलंस? त्यांनासुद्धा पिववत नाही. चुकलं माझं, कबूल. पण एका ग्लासावरून मी ओसाकाची गाडी पकडणार नाही, सांगून ठेवते. हात आठवडाभरात परत येईल. दुसरा करते. ग्लास कुठं ठेवतेस आता? फडताळाखाली?

हात्सुयो : खाली नाहीत. वर आहेत. खाली बघू नकोस.

मिसातो : इथं तर— आई, ही काळी किटली इथं कशी? ही तर बाबांच्या फोटोमागं कपाटात होती ना?

कप्तान : कुठली? चपटी? मातीची?

मिसातो : बाबांचीच. आणि धूळ नाही हिच्यावर. आतून धुतलीस का?

हात्सुयो : वेड लागलंय का मला? ती किटली कधी धुतात का? तुझ्या बाबांनी इतकी वर्षं मुरवलेला वास आहे तो.

मिसातो : मग बाहेर का काढलीस? आणि हिच्यामागं ही बरणी कसली, झाकणावर फडकं बांधलेली?

कप्तान : मुरवलेली! हात्सुयोबाई, मुरवलेली शोचू आहे घरात, आणि मला रोज ताजी मिसळून देताय? तो देवमाणूस गेल्यापासून घोटभरसुद्धा मिळाली नाही मला. दर वेळी एकच उत्तर, आता सांगून कोण येतं, कुणासाठी मुरत ठेवू?

हात्सुयो : खरंच कुणी येत नाही सांगून.

कप्तान : तुझे बाबा कसे ठेवायचे गं मिसातो! लांबचं कुणी येणार असं कळलं की आधीच शोचूत पाणी घालून बरणी भरायचे. म्हणायचे, ग्लासात मिसळून दिली की पाहुण्याला वाटतं, बरं झालं आलात. बरणीतली दिली की त्याला कळतं, आपली वाट बघत होते.

मिसातो : मग आज कुणाची वाट बघतेस, आई?

हात्सुयो : ओगाताची. काल मिसळली. दुकान देतेय त्या माणसाला, काही पाहुणचार करायला नको का?

कप्तान : पण तो तर थेंबाला—

हात्सुयो : कप्तान, वडी.

कप्तान : संपली.

हात्सुयो : मग मुळ्याचं लोणचं खा.

मिसातो : थोडी गरम करते.

हात्सुयो : कशाला? पाहुणा आल्यावर करू.

मिसातो : पाहुण्याला द्यायच्या आधी चाखायला हवी. हॉटेलात शिकवलंय मला. मंद आचेवर ठेवते, घाबरू नकोस, किटली नाही तडकवत. हे बाबांनी हात धरून शिकवलंय, ओसाकाच्याही आधी... काका, वास आला?

कप्तान : आला. आला गं. माझ्या डोळ्यांतून पाणी का यायला लागलं? राख गेली वाटतं.

हात्सुयो : दार बंद आहे.

कप्तान : तरी गेली. तुमचं काय जातंय?

मिसातो : हे घ्या काका, तुम्हाला. छोट्या पेल्यात. हा मला.

कप्तान : अहाहा!

मिसातो : आई.

हात्सुयो : काय?

मिसातो : ही कालची नाही.

हात्सुयो : कालचीच आहे.

मिसातो : कालची असती तर पाणी वेगळं आणि शोचू वेगळी लागली असती. आधी गोड, मग मागून टोक. हिला टोकच नाही. जिभेवर गोल फिरते आणि जाते, मागं नुसतं भाजलेलं रताळं उरतं. कालची नाही, आणि परवाचीही नाही. बरीच आधी मिसळलीयस तू ही.

हात्सुयो : जीभ आहे की काय आहे!

मिसातो : तिच्यावरच तर कमावते मी. हात परका झाला असेल, जीभ नाही झाली. आणि पाणीही नळाचं नाही. झऱ्याचं आहे.

हात्सुयो : झऱ्यावर कोण जाणार? या गुडघ्यानं?

कप्तान : थांबा. थांबा हं. झऱ्याचं पाणी? हात्सुयोबाई, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला माझ्या गाडीतून झऱ्यावर नेलं होतं. दोन मोठे कॅन. म्हणालात, झऱ्याच्या पाण्यात भात मऊ शिजतो.

हात्सुयो : शिजतोच.

कप्तान : दोन कॅन भात? मी वाहून आणले, माझी कंबर धरली! आणि तिथून येताना, गाडीतच, तुम्ही मला म्हणालात की दुकान विकतेय, कुणाला सांगू नका, ओसाकाला तर मुळीच नको. मी बिचारा परवापर्यंत पोटात ठेवून बसलो. पाणी आधी आणलंत आणि मला मागून सांगितलंत!

हात्सुयो : तुम्ही इतके दिवस पोटात ठेवाल असं मला तरी कुठं वाटलं होतं? मला वाटलं त्याच संध्याकाळी फोन कराल. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलात, तेही नको तेव्हा. माझा जीव टांगणीला!

कप्तान : म्हणजे? गळ टाकला तुम्ही, आणि गळाला मी?

मिसातो : तुम्ही नाही, काका. तुम्ही आमिष. गळाला मी.

कप्तान : जन्मभर बोट चालवली, पण असं मला कुणी चालवलं नव्हतं!

मिसातो : आई, मला सरळ फोन का नाही केलास? ये म्हणाली असतीस तर आले असते मी.

हात्सुयो : म्हणूनच नाही केला. मी बोलावल्यावर तू माझ्या गुडघ्यासाठी आली असतीस. म्हाताऱ्या आईसाठी आली असतीस. वर्षभर गोड बोलून राबली असतीस आणि मग अठराव्या मजल्याची आठवण काढत या काउंटरवर उसासे टाकले असतेस. ते मला बघवलं नसतं. तुझं तुला यायचं होतं तर यावं, नाहीतर येऊ नये. पण दुकान हातचं चाललंय एवढं तरी तुला कळायला हवं होतं. तेवढं कळवलं.

मिसातो : तुझ्या तोंडून नाही, काकांच्या तोंडून.

हात्सुयो : माझ्या तोंडाला सवय नाही.

मिसातो : आणि मी आलेच नसते तर?

हात्सुयो : तर ओगाताला 'हो' म्हटलं असतं. थट्टा नाही, शब्द ठरवून ठेवला होता. रात्री एकटीनं ही बरणी उघडून तुझ्या बाबांसमोर दोन पेले ठेवले असते आणि सांगितलं असतं, नाही आली हो. रोज झाकणावर हात ठेवून बघत होते. मुरतेय तोवर वाट बघता येते, इतकंच.

कप्तान : आता मात्र माझ्या डोळ्यांत राख नाही गेली. हे सांगून ठेवतो.

मिसातो : मला अजून एक दे आई. नाही, तू बस. मी देते तुला. घे.

हात्सुयो : मला नको. दुकान उघडं असताना मी घेत नाही.

मिसातो : आता दुकान तुझं नाही. तू गिऱ्हाईक. घे.

हात्सुयो : अजून दिलं कुठंय मी? माझ्या अटी आहेत.

मिसातो : माझ्याही आहेत. सोडा येणार.

हात्सुयो : दुपारचा. आणि माझ्या डोळ्यांआड.

मिसातो : संध्याकाळीसुद्धा. आणि तुझ्या डोळ्यांसमोर. एखादी बाटली फोडायची असेल तर आधी सांग, जास्तीची मागवून ठेवेन.

कप्तान : एक माझ्या नावानं—

हात्सुयो : कप्तान!

कप्तान : काही नाही. लोणचं छान आहे.

हात्सुयो : किटली धुवायची नाही. वरच्या त्या बाटल्या उतरवायच्या नाहीत, धनी असो नसो. आणि टोकाचं ते स्टूल माझं. मी रोज तिथं बसणार.

मिसातो : बस. पण गिऱ्हाइकांसमोर माझ्या हातांना नावं ठेवायची नाहीत.

हात्सुयो : ते नाही जमायचं.

मिसातो : निदान पहिला महिना.

हात्सुयो : पहिल्या महिन्यातच तर नावं ठेवायची असतात. नंतर काय उपयोग?

कप्तान : ही आपल्या बापावर गेलीय हो, हात्सुयोबाई. तेही असेच गोड हसत स्वतःचं खरं करायचे.

हात्सुयो : बापावर गेली असती तर पाणी आधी ओतलं असतं. मिसातो, तो ग्लास टाकून दे आणि यांना नवा करून दे. नीट. मी बघत नाही.

मिसातो : बघतेयस.

हात्सुयो : भिंतीकडे बघतेय.

मिसातो : पाणी... आता शोचू. हळूच. घ्या काका. खरं सांगा हं.

कप्तान : ...आज हिला काही म्हणू नका हात्सुयोबाई. बरोबर आहे. अगदी बरोबर. थकवा उतरला बघा एका घोटात.

हात्सुयो : तुम्हाला थकवा कसला? सकाळपासून बसलाय.

कप्तान : कॅन वाहिले ना दोन.

मिसातो : आई, बरणी निम्मी झाली. शोचूचा मोठा बुधला मागंच ना? आणि झऱ्याचं पाणी उरलंय?

हात्सुयो : एक कॅन आहे, मोरीजवळ. कशाला?

मिसातो : पुन्हा भरते.

हात्सुयो : आता? आज भरलीस तर आज प्यायला मिळत नाही. आठवडा तरी जायला हवा. कळतंय ना काय करतेयस?

मिसातो : कळतंय. आठवडाभरानं हामासाकी काकांना सोडतात ना इस्पितळातून? त्यांना निरोप धाडू. बरणी भरलीय म्हणून सांगू.

कप्तान : निरोपाचं माझ्याकडे लागलं!

हात्सुयो : ते कुणी वेगळं सांगायला नको.

(दार अर्धं सरकतं. राखेनं करडी झालेली छत्री मिटत एक माणूस दारातच वाकून नमस्कार करतो.)

हात्सुयो : या ओगातासाहेब, या. छत्री बाहेरच राहू द्या. अंग झटकलंत? बरं केलंत. बसा, जवाचा चहा देते, गार आहे... हो हो, आजच शब्द देणार होते मी. खोटं कशाला बोलू, देणारच होते. पण आता माझा शब्द चालत नाही इथं. ती आत उभी आहे ना, हातात बुधला घेऊन? तिला विचारा. मालकीण ती आहे.

कप्तान : ऐकलंस का, मिसातो? मालकीण म्हणाली!

मिसातो : ऐकलं, काका. ओगातासाहेब, क्षमा असावी. तुमची फेरी वाया घालवली आम्ही. हे दुकान विकायचं नाही. पण चहा घेऊनच जा. आणि कधी गाडी घरी ठेवून आलात तर आधी कळवा.

कप्तान : पितच नाहीत गं ते.

मिसातो : तरी कळवू देत. आई, पाणी किती घालू? बाबा गळ्यापर्यंत भरायचे, की थोडी जागा सोडायचे?

हात्सुयो : बोटभर जागा सोड. आणि झाकण घट्ट लाव, राख जाते आत.